सत्तेचाळीस नंबरची फाईल

बर्नली हे नाव मी आधी लोखंडावर वाचलं.
इचलकरंजीत, वडिलांच्या शेडमध्ये,
जुन्या मागाच्या अंगावर ओतीव इंग्रजी अक्षरं,
वंगणाने काळी. बोटाने गिरवायचे.
आता त्याच गावच्या कौन्सिलमध्ये
दुसऱ्या मजल्यावर बसून
मी दुकानांच्या कराची बिलं काढते.

स्पिंडल स्ट्रीट, सत्तेचाळीस.
एका गाळ्याची फाईल, वीतभर जाड.

सगळ्यात तळाशी विल्फ ऑर्मरॉड.
गिरणी बंद झाली, त्याने व्हिडिओचं दुकान टाकलं.
धाडसी माणूस, असं म्हणावं,
तर त्याच्याच पत्रात ओळ आहे:
दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.
सरकार तेव्हा आठवड्याला चाळीस पौंड द्यायचं,
खात्यात आधी हजार दाखवा म्हणायचं.
विल्फने मेहुण्याचे हजार शुक्रवारी दाखवले
आणि सोमवारी परत केले.
(हे फाईलमध्ये नाही. त्याची मुलगी सांगते,
अजून हसते.)

मग मधली बारा वर्षं नुसत्या नोटिसा.
रिकामा. रिकामा. काच फुटली. रिकामा.

मग रासा, लिथुआनियाची,
पँटी आखूड करायची, चेन बदलायची.
बँकेने तिचा पत्ता विचारला, आधीचा पत्ता विचारला,
त्याच्या आधीचा विचारला, आणि नाही म्हणाली.
तेव्हा चर्चच्या तळघरात नऊ बायकांनी भिशी लावली.
भिशी हा शब्द माझा. त्यांचा काहीतरी वेगळा असेल.
मतदानानंतरच्या सकाळी
शटरवर कुणीतरी दोन शब्द लिहून गेलं.
तिने ते घासून काढले, साडेनऊला दुकान उघडलं.
गिऱ्हाइकं तीच होती,
फक्त माप देताना बोलेनाशी झाली.
बंद करतानाच्या अर्जात
कारणाच्या चौकटीत तिने लिहिलंय: वैयक्तिक.

आणि आता रेबवार.
कागद येईपर्यंत त्याला कामाची परवानगी नव्हती.
पाच वर्षं. तो म्हणतो, हात विसरू नये म्हणून
खोलीतल्या सगळ्यांचे केस कापायचो, फुकट,
कुणाचे वाढलेले नसले तरी.
आता तीन खुर्च्या, एक समोवार,
आणि विजेचं बिल, जे तो मला असं दाखवतो
जसा कुणी एक्स-रे दाखवतो.

ठरावीक मूल्याच्या आतल्या गाळ्याला कर माफ आहे.
अर्ज करावा लागतो.
अर्ज करावा लागतो हे कळावं लागतं.
वर्षभर तो पूर्ण कर भरत होता, वेळेवर,
आणि आमची यंत्रणा त्याला वेळेवर पावती देत होती.
मी खिडकीतून हळूच सांगितलं,
जणू काही चोरीचा माल देतेय.

वडील म्हणायचे, धंदा रक्तात असावा लागतो.
दिवसाला आठ-आठ तास वीज जायची,
तेव्हा रक्तावर माग चालले नाहीत.
सुताचा भाव रक्ताला विचारून चढला नाही.
भंगारवाल्याने माग किलोवर नेले,
नावाची अक्षरंही वजनात धरली.
ते शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले,
आणि माझ्याकडे तेव्हा
त्यांना दाखवायला ही फाईल नव्हती.

काल रेबवारने चहा पुढे करत विचारलं,
तू का नाही काढत दुकान?
कसलं, मी म्हटलं.
अर्ज भरून द्यायचं. तुला तेवढंच येतं ना.
दोघं हसलो. एका खुर्चीतला म्हातारा
साबण लावलेल्या तोंडाने म्हणाला, मी येईन.

पगार अठ्ठावीस तारखेला होतो.
पेन्शनला सहा वर्षं आहेत.
घराचा हप्ता, मुलीची फी.
पण इथे आजारी पडलं तर दवाखाना विकत घेत नाही,
एवढा एक आकडा वडिलांच्या वहीत कधीच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत एकोणपन्नास नंबर काढून पाहिला.
मार्चपासून रिकामा.
मूल्य मर्यादेच्या खाली.
अर्ज करावा लागतो.